अकरा हजार ओळींचं पारायण

“जे वाचलं नाहीस ते चालवू नकोस, चारू. आणि चालवलंसच, तर वाचलंय असं कुणाला सांगू नकोस.”

दबीर बाईंचा हा आवाज चारुशीला खराडेच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत तिनं मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेला प्रोग्रॅम ऐटीत चालवून दाखवला, तेव्हा बाई हे म्हणाल्या होत्या. रागावून नव्हे, पदरानं चष्मा पुसत. पुढं बाई गेल्या, ती प्रयोगशाळा गेली आणि प्रोग्रॅम लिहिणारी माणसंही बहुतेक गेली.

गेली म्हणजे देवाघरी गेली असं नाही. त्यांचं काम गेलं. आता यंत्रंच यंत्रांसाठी लिहीत. कचेरीतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या डेस्कटॉपचा गाभा, म्हणजे पडद्यावर काय दिसावं, कुणाला आत घ्यावं, कुणाची नोंद कुणाला दाखवावी हे ठरवणारा अगदी तळाचा थर, चाळीस लाख ओळींचा झाला होता. तो माणसानं लिहिला नव्हता, माणसानं वाचलाही नव्हता. बिघडला की बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. जग तेवढ्यावर चाललं होतं, आणि तसं बरंच चाललं होतं. चारुशीलेला मात्र त्याची आतून लाज वाटे. आपल्या घरातल्या एका खोलीत आपणच कधी पाऊल टाकलेलं नाही, अशी काहीतरी.

प्रोग्रॅम चालवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत लिहिलेलं सगळं आधी दळून घेतात. दळलं की ते यंत्राच्या थेट पचनी पडतं, म्हणून वेगानं चालतं. पण पिठाकडं बघून गहू कुठल्या शेतातला ते सांगता येत नाही, आणि एक दाणा बदलायचा तर सगळं दळण पुन्हा घालावं लागतं. दुसरी रीत स्क्रिप्टची. तिथं दळण नाही. लिहिलेली ओळ तशीच राहते आणि एक दुभाषी ती वाचत वाचत यंत्राला समजावतो. ओळ बदलली की काम बदललं. काही थांबवायला नको. पण हा दुभाषी प्रत्येक ओळ प्रत्येक वेळी नव्यानं वाचणार, म्हणून संथ. त्यामुळं रिवाजच पडून गेला होता: पाया आणि भिंती दळलेल्या भाषेत, स्क्रिप्ट म्हणजे वरची किरकोळ कामं.

मग दुभाषी चिप आली. तिच्या आतल्या जोडण्या कायमच्या पक्क्या नव्हत्या. एखादी ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लागली की ती चिप त्या ओळीची वाट स्वतःच्या अंगातच कोरून ठेवी. आरती पहिल्या दिवशी पुस्तकात बघून म्हणावी लागते, आठवड्याभरात डोळे मिटून म्हणता येते, तसं. कुणी ओळ बदललीच, तर तेवढीच वाट पुसायची आणि पुन्हा कोरायची. स्क्रिप्ट संथ असते हा जुना आरोप त्या वर्षी निकाली निघाला.

आणि चारुशीलेनं ठरवलं, डेस्कटॉपचा गाभाच स्क्रिप्टमध्ये लिहायचा. ‘सांगी’ नावाच्या भाषेत. सांगीतली आज्ञा मराठी वाक्यासारखी असे. शाळा शिकलेल्या कुणालाही वाचता यावी.

“चारू, स्क्रिप्ट म्हणजे सुतळी,” प्रसन्न रिसबूड म्हणाला होता. प्रसन्न तिचा पॉलिटेक्निकातला वर्गमित्र आणि मिरजेतल्या त्यांच्या छोट्या कार्यशाळेचा संचालक. “पोतं शिवायला उत्तम. सुतळीला धरून कुणी विहिरीत उतरत नाही.”

“सुतळीला पीळ घालत गेलं की चऱ्हाट होतं, प्रसन्न.”

“किती वर्षं पीळ घालणार?”

नऊ वर्षं लागली. गाभा झाला अकरा हजार चारशे ओळींचा. त्याचं नाव ‘ओसरी’. नऊ वर्षांत प्रसन्ननं कुरकुर केली, पण तिला कधी थांबवलं नाही. हे ती रोज देवापुढं आठवत असे.

शेवटची परीक्षा सरकारी चाचणी मंडळाची होती. मिरजेतल्याच एका मोठ्या रुग्णालयातल्या एकशे चाळीस टेबलांवर ओसरी सात दिवस चालवायची. मध्ये एकदाही रीस्टार्ट करायची नाही. जमलं, तर राज्यातल्या सगळ्या तालुका रुग्णालयांत ओसरी जाणार. नाही जमलं, तर कार्यशाळा बंद आणि रुग्णालयांना पुन्हा तोच चाळीस लाख ओळींचा, न वाचलेला गाभा.

मंडळाच्या अर्जावर एक ओळ छापलेली होती: ‘मुख्य अभियंत्याने गाभा तपासला आहे.’ आजवर सगळ्यांनी तिच्याखाली मुकाट सही केली होती. चारुशीलेनं ‘तपासला’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘संपूर्ण वाचला’.

मग वाचणं आलं.

पोथीचं करतात तसं पारायणच तिनं लावलं. सात दिवस, रोज सोळाशेवर ओळी, मोठ्यानं. त्या दिवसाचा पाठ पुरा होईपर्यंत चहा नाही. नेम धरणं तिला नवं नव्हतं. सकाळचा जप, गुरुवारी एकवेळ जेवण आणि कुणावर आवाज चढवायचा नाही, हे तिचे वर्षानुवर्षांचे नेम. ऐकायला समोर नसीम मुजावर. नसीम कार्यशाळेची परीक्षक, जन्मापासून डोळ्यांनी अंध. तिचा संगणक तिला सगळं बोलून दाखवी, तेही इतक्या वेगात की दुसऱ्याला नुसता भुंगा ऐकू यावा.

“ताई, तुमच्या देवाचं आणि चहाचं काय वाकडं आहे ओ?” पहिल्याच दिवशी नसीमनं विचारलं.

“वाकडं काही नाही गं. पुढं चहा आहे म्हटलं की मी घाई करते. देव मला ओळखून आहे.”

“मग मला तरी पिऊ द्या की. माझा अल्ला चहावर काही बोलत नाही.”

तिसऱ्या दिवशी पाळीबदलाचा भाग आला. एका परिचारिकेची पाळी संपून दुसरीची सुरू होताना टेबलाचा ताबा कसा द्यायचा, याचे नियम. रुग्णालयाचे विभाग सोळा आणि चारुशीलेनं मुद्दाम प्रत्येक विभागाच्या ओळी सुट्या लिहिल्या होत्या, ज्यानं त्यानं आपल्या वाचाव्यात म्हणून. त्या दिवशी तिचा घसा बसला होता. दहा वाजून गेले होते. दोन विभाग वाचून झाल्यावर ती म्हणाली, “पुढं तसंच. धृपद आहे.”

आरतीच्या पुस्तकात पालुपद प्रत्येक कडव्याखाली छापत नाहीत. नुसती खूण असते. म्हणणाऱ्याला माहीत असतं. पोथ्या वाचणाऱ्या जिभेला ही सवय लागलेली असते आणि ती लागली आहे हे त्या जिभेला कळतही नाही.

“वाचा की ताई,” नसीम म्हणाली. “ऐकलंच नाही ते ऐकलं असं कसं म्हणू?”

“अगं, मीच लिहिलंय ते. सोळाही सारखेच.”

नसीम काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात चारुशीलेनं पुढचा भाग वाचायला घेतला. सातव्या दिवशी चारुशीलेनं अर्जावर सही केली.

चाचणीचे चार दिवस सुरळीत गेले. मंडळाच्या निरीक्षक घाटगे मॅडम रोज येत, छातीशी नोंदवही धरून टेबलाटेबलांवरून फिरत. तोंडावरची रेघ हलत नसे. “बघू,” एवढंच म्हणत.

पाचव्या दिवशी दुपारी दोनला, नवजात बालकांच्या विभागात, मधला मोठा पडदा काळा पडला.

या पडद्यावर अकरा काचपेट्यांमधल्या अकरा बाळांचा श्वास, नाडी आणि प्राणवायू एकत्र दिसे. आता तिथं एकच वाक्य होतं: ‘नव्या पाळीची वाट पाहत आहे.’ दोनची पाळी घ्यायला आलेली शेवंता त्याच दिवशी दुसऱ्या विभागातून बदलून आलेली. तिचं नाव इथल्या यादीत चढलंच नव्हतं. नवी नोंद उघडेना आणि जुनी तर बंद होऊन गेलेली. टेबल ना हिचं, ना तिचं.

विभागप्रमुख सिस्टर शलाका लोंढे पाळी संपवून निघाल्या होत्या. खांद्यावरची पर्स त्यांनी तिथंच खाली टाकली. “शेवंता, एक ते पाच तू. सहा ते अकरा माझ्याकडं. पडद्याकडं बघू नकोस, बाळांकडं बघ.” काचपेट्यांजवळची यंत्रं चालू होती, पण दोघींना एकेका पेटीपाशी वाकून वाचावं लागत होतं, आणि सहाव्या पेटीपाशी असताना अकराव्याचं काय चाललंय ते दिसत नव्हतं.

चारुशीला आणि नसीम खालच्याच मजल्यावर होत्या, धावत आल्या. पाठोपाठ प्रसन्न. घाटगे मॅडम आधीच दारात उभ्या होत्या.

प्रसन्ननं चारुशीलेला खिडकीपाशी नेलं. “रीस्टार्ट कर. वीज लपकली असं लिहू. जनरेटरवाल्यांशी मी बोलतो.”

“रीस्टार्टला अकरा मिनिटं लागतात. सगळ्या एकशे चाळीस टेबलांना. वर शस्त्रक्रिया चालू आहेत.”

“मग काय करणार आहेस? चारू, नऊ वर्षं आहेत ही. तुझी आणि माझीसुद्धा.”

तिला ते ठाऊक होतं. पोरीच्या लग्नाला उभं राहावं तसा हा माणूस तिच्या हट्टामागं उभा राहिला होता. त्याच्याकडं बघून खरं बोलणं अवघड होतं, म्हणून तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती दारापाशी गेली.

“मॅडम, गाभा संपूर्ण वाचला असं मी लिहून दिलंय. ते खोटं आहे. पाळीबदलाच्या सोळा विभागांतले दोनच मी वाचले. बाकीचे चौदा तसेच आहेत म्हणून पुढं गेले.”

प्रसन्ननं डोळे मिटून घेतले.

“हे तुम्ही मला आत्ता सांगताय?” घाटगे मॅडमचा आवाज कोरडा होता.

“आत्ता वाचायला घेतेय, म्हणून आत्ता सांगतेय.”

“ताई, मी घेतलंय,” नसीम शेजारच्या टेबलावरून म्हणाली. तिच्या कानातल्या यंत्रातून भुंग्याचा आवाज चालला होता. सोळा विभाग, प्रत्येकाच्या चार ओळी. दोन खोल श्वास घेण्याइतका वेळ गेला असेल. “बारावा उलटा आहे. बाकी पंधरा एक, हा वेगळा.”

चारुशीलेनं त्या ओळी नसीमच्या टेबलावरच्या पडद्यावर आणल्या आणि बघताक्षणी तिला आठवलं. बारावा सगळ्यांत आधी लिहिलेला होता, नऊ वर्षांपूर्वी, नमुना म्हणून. बाकीचे नंतर शहाणपण आल्यावर लिहिले. नमुना मात्र तसाच राहिला.

सिस्टर लोंढे सहाव्या पेटीपाशी उभ्या होत्या. तिथूनच त्यांची नजर पडद्यावर गेली. सांगीची अक्षरं मोठी होती.

‘जुन्या पाळीची नोंद बंद कर. नव्या पाळीची नोंद उघड.’

“हे कुणी लिहिलंय?” सिस्टर म्हणाल्या.

“मी.”

“आधी सोडायचं आणि मग घ्यायचं? बाई, आमच्यात असं बाळ दिलं तर घरी पाठवतील.” नजर पेटीवर ठेवूनच त्या बोलत होत्या. “देणारी हात सोडत नाही. घेणारीनं तोंडानं ‘घेतलं’ म्हणायचं. नुसती मान हलवून चालत नाही. ‘घेतलं’ ऐकलं की मगच सोडायचं. पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे, पोरींना रडू येईपर्यंत.”

पंधरा विभागांचे नियम सुधारायला चारुशीलेला कितीतरी महिने लागले होते. या बाईनं तेच एका श्वासात सांगितलं होतं, आणि तिच्याहून नेमकं.

“सिस्टर, हे लिहा.”

“मी? मला कुठं येतंय ते!”

“आत्ता म्हणालात तसंच. विभाग तुमचा आहे. तोवर सहा ते अकरा मी बघते. बाळाचा रंग आणि छातीचं वरखाली, एवढंच ना?”

“आणि प्राणवायूचा आकडा. नव्वदच्या खाली आला की हाक मारायची. मोठ्यानं.”

“थांबा,” घाटगे मॅडम पुढं आल्या. “चालत्या गाभ्यात परिचारिका लिहिणार? उकळत्या आधणात हात घालताय तुम्ही.”

“नियमात बघा की मॅडम,” नसीम मान न वळवता म्हणाली. “तुमच्याकडं वही आहे.”

मॅडमनी खरंच वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. “रीस्टार्ट चालणार नाही असं आहे. चालू असताना बदल करायचा नाही, असं...” त्या थांबल्या. “असं लिहिलेलं नाही.”

“सुचलंच नसेल कुणाला,” नसीम म्हणाली.

प्रसन्ननं खुर्ची ओढून सिस्टरपुढं ठेवली. “बसा. दुसऱ्या ओळीखाली बोट ठेवा. हां. आता लिहा.”

सिस्टरनी दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत लिहिलं: ‘नवी पाळी घेतलं म्हणेपर्यंत जुनी पाळी सोडू नको.’

सांगीनं विचारलं: ‘घेतलं म्हणजे काय?’

“अगं बाई, उलट विचारतंय!”

“विचारू दे. शहाणं आहे, माहीत नसलं की विचारतं,” काचपेट्यांच्या रांगेतून चारुशीला म्हणाली. तिचे डोळे आठव्या बाळाच्या छातीवर होते. कापसाच्या पेळूएवढी ती छाती वरखाली होत होती. “तुम्हीच सांगा त्याला.”

सिस्टरनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: ‘घेतलं म्हणजे नव्या पाळीची नोंद उघडली.’

रुग्णालयाच्या तळघरातल्या दुभाषी चिपनं जुनी वाट पुसली. नऊ वर्षांची नव्हे, फक्त त्या एका नियमाची. नवीन ओळ पहिल्यांदा वाचताना ती अडखळली. पडदा दोनदा लवला. मग सिस्टर लोंढे यांची नोंद आपसूक परत उघडली, कारण नव्या पाळीनं अजून ‘घेतलं’ म्हटलं नव्हतं, आणि काळ्या पडद्यावर अकरा हिरव्या रेघा एकदम उमटल्या. अकराही चालत्या.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना, औषधं मोजणाऱ्यांना, बाहेर नाव नोंदवायला रांगेत उभ्या असलेल्यांना, कुणालाच काही कळलं नव्हतं. एकशे एकोणचाळीस पडद्यांची पापणीही लवली नव्हती.

घाटगे मॅडम त्या दोन ओळींपाशी आल्या. सावकाश त्या ओळी वाचल्या. मोठ्यानं, एकदा आणि परत एकदा.

शेवंताचं नाव यादीत चढवून, तिच्या तोंडून ‘घेतलं’ ऐकूनच सिस्टर बाहेर आल्या. चारुशीला भिंतीला टेकून उभी होती.

“बाई, बाकीच्या ओळी पण अशाच वाचता येतात?”

“येतात.”

“मग आमच्या पोरींना वाचून दाखवा की. आज मी होते. उद्या रजेवर असले, म्हणजे?”

“निकाल काहीही लागू दे, सिस्टर. निकालाच्या दिवशी, दोनची पाळी बदलली की येते.”

“सगळं वाचायचं पण.”

“सगळं,” चारुशीला म्हणाली.

पुढचे दोन दिवस ओसरी अशी चालली की जणू ती इथं पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. आठव्या दिवशी दुपारी घाटगे मॅडमनी कार्यशाळेत सगळ्यांसमोर अर्ज टेबलावर ठेवला.

“आधी हे खोटं निस्तरा.”

चारुशीलेनं ‘संपूर्ण वाचला’ खोडलं. सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं: ‘चौदा विभाग वगळून वाचला. वगळल्याची चूक पाचव्या दिवशी उघडी पडली. सिस्टर शलाका लोंढे यांनी ती चालत्या गाभ्यात सहा मिनिटांत दुरुस्त केली.’ खाली तिनं पुन्हा सही केली.

मॅडमनी ते वाचलं. “बावीस वर्षं मी असले अर्ज गोळा करतेय. इतका लाजिरवाणा अर्ज पहिल्यांदाच पाहिला.” तोंडावरची रेघ जराशी हलली. “आणि खरा म्हणावा असाही पहिल्यांदाच.” त्यांनी खिशातून शिक्का काढला, फुंकर घातली आणि उमटवला. “मंजूर. सगळ्या तालुक्यांना. आणि एक अट मी माझ्या अधिकारात घालतेय: प्रत्येक विभागाच्या ओळी त्या विभागातलं माणूस वाचेल, मगच तिथं चालू होईल.”

कार्यशाळेत जो गलका उठला तो खालच्या चौकापर्यंत गेला. कुणीतरी हलगी आणलीच होती. प्रसन्न टेबलावर चढला. पन्नाशीतला माणूस, पण चढला. “मी हिला म्हणालो होतो, स्क्रिप्ट म्हणजे सुतळी! नऊ वर्षांपूर्वी म्हणालो होतो! आज सगळ्यांदेखत सांगतो, मी गाढव होतो!”

“होतो काय, सर?” नसीम ओरडली, आणि हशा पिकला. प्रसन्न सगळ्यांत जोरात हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

चारुशीलेनं पेढ्याचा तुकडा देवाचं नाव घेऊन तोंडात टाकला. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं. ते नाचावं असं नव्हतं, हात जोडावेत असं होतं. उभ्या उभ्या तिनं डोळे मिटले, मनातल्या मनात नमस्कार केला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पावणेदोन.

गाभ्याची छापील प्रत कपाटात होती, अकरा हजार चारशे दोन ओळींची, जाड दोऱ्यानं बांधलेली. तिनं ती उचलून कापडी पिशवीत ठेवली. जिन्यापाशी नसीम वाट अडवून उभी होती. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं होतं.

“प्रसन्न सर आता तुम्हाला भाषणाला बोलावणार आहेत.”

“तू कर. तुला चांगलं जमतं.”

“करते. धरा.” तिनं खडीसाखरेची पुडी चारुशीलेच्या तळहातावर ठेवली. “पोरी पुष्कळ आहेत, आणि आवाज बसला तरी थांबता येणार नाही तुम्हाला.”

वर हलगी वाजत होती. चारुशीलेनं खाली येऊन चपला घातल्या, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि भर उन्हातून रुग्णालयाच्या रस्त्याला लागली.